मॉडेल विमानाचा जोड आणि आपला डाख

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे नाशिक आणि 1964 पासून विमान कारखान्याचे ओझर, दोन्ही शेजारीच. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात हे दोन्ही धंदे एकत्र येतात. त्याच्या शेपटीची पट्टी पोलादी तार हलवते आणि त्या तारेच्या टोकाला पितळी जोड डाखाने बसवतात. हा जोड हवेत सुटला की विमान गेलेच म्हणून समजा.

कल्हईवाल्या बंधूंना यातले निम्मे काम ठाऊक आहे. तार पॉलिश पेपरने घासून चकाकती करावी. पोलादाला नुसती राळ पुरत नाही, झिंक क्लोराईड लावावे. तार आणि पितळ दोन्हींवर आधी डाखाचा पातळ थर चढवावा, मगच जोडावे. कथील 232 अंशांवर वितळते, 60-40 चा डाख 190 च्या आसपास. म्हणून कल्हईइतका ताव नको. तार लाल झाली तर तिचा कडकपणा जातो. डाख तापलेल्या जोडावर वितळला पाहिजे. नुसत्या सोल्डरिंग आयर्नवर वितळवून थापलेला डाख वरून छान दिसतो, आतून सुटा राहतो. गार होईपर्यंत हात हलवू नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, नाहीतर तार गंजते. पकडीने जोरात ओढून पाहिल्याशिवाय माल देऊ नये.

या डाखात शिसे असते. तो स्वयंपाकाच्या भांड्याला कदापि लावू नका.