विश्लेषण : जुनी सात आसनी गाडी घेताना काय तपासावे?

आई-वडील, दोन मुले आणि गणपतीला गावी जातानाचे सामान एकाच गाडीत मावायचे असेल, तर हॅचबॅक अपुरी पडते. नवी सात आसनी गाडी मात्र पाच लाखांच्या आसपासच्या बजेटमध्ये बसणे कठीण. त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे सेकंडहँड बाजाराकडे वळतात. तेथे गाडीची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच तिच्या पूर्वायुष्याची आणि कागदपत्रांची तपासणीही. ती कशी करावी?

‘इस्टेट’ गाड्यांचे काय झाले?

युरोपात कुटुंब आणि सामानासाठी सेडानचा मागचा भाग लांबवून केलेली ‘इस्टेट’ किंवा ‘स्टेशन वॅगन’ लोकप्रिय ठरली. भारतातही टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, मारुती बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी असे प्रयत्न झाले. मात्र जादा किंमत मोजूनही आसने पाचच, हे गणित येथील ग्राहकाला पटले नाही. मोठ्या कुटुंबाला जादा डिकीपेक्षा जादा आसने हवी होती. ही गरज आधी क्वालिस, २००५ मध्ये आलेली इनोव्हा आणि २०१२ मध्ये आलेली अर्टिगा यांनी भागवली. तिसरी रांग दुमडली की याच गाड्या इस्टेटचे काम करतात. दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात सर्व आसने उभी असताना डिकी २०९ लिटरची असते. मागची रांग दुमडल्यावर ती ५५० लिटरची होते. म्हणजे सात माणसे आणि सातांचे सामान एकाच वेळी मावेल, ही अपेक्षा ठेवू नये.

कोणते पर्याय विश्वासार्ह?

कमी बजेटमध्ये पहिला निकष सुटे भाग आणि मेकॅनिक सहज मिळण्याचा. त्या दृष्टीने पहिल्या पिढीची पेट्रोल अर्टिगा (२०१२ ते २०१८) सर्वात सोपा पर्याय ठरतो. इनोव्हा दणकट आहे, पण याच कारणाने तिचे भाव चढे राहतात. कमी पैशांत मिळणारी इनोव्हा बहुधा जुनी आणि खूप धावलेली असते. होंडा मोबिलिओ आणि रेनॉ लॉजी तुलनेने स्वस्त मिळू शकतात, पण त्यांचे उत्पादन थांबले आहे. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, तर डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे एन्जॉय किंवा गो प्लस स्वस्त मिळाली, तरी सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का, याची आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

वार्षिक वापर कमी असेल, तर जुन्या डिझेल गाडीपेक्षा पेट्रोल बरे. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि टर्बो यांची दुरुस्ती इंधनातील बचत एका फटक्यात खाऊ शकते.

गाडीचे पूर्वायुष्य कसे ओळखावे?

सात आसनी गाड्या मोठ्या प्रमाणावर टॅक्सी म्हणून धावतात. नंतर त्यातील काहींची खासगी वाहन म्हणून नोंदणी होते. असे रूपांतर कायदेशीर असले, तरी ते खरेदीदारापासून लपवले जाणे हा धोका. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीवरील तपशील, आरसी आणि जुन्या विमा पॉलिसी पाहिल्यास ते कळू शकते. ओडोमीटरवर ४५ हजार किलोमीटर दिसत असतील, पण क्लच-ब्रेकच्या पेडलांचे रबर गुळगुळीत आणि चालकाचे आसन दबलेले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींत प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर असतात. विक्रेत्याकडून त्या मागवून घ्याव्यात.

दुसरा धोका पुरात बुडालेल्या गाड्यांचा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण खुणा उरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास चिखलाची रेघ दिसते, आसनांखालील रुळांवर गंज असतो, स्टेपनीच्या खळग्यात गाळ सापडतो आणि काचा बंद ठेवल्यावर कुबट वास येतो. यातील दोन खुणा जरी दिसल्या, तरी गाडी सोडून द्यावी. पाण्यात गेलेली वायरिंग केव्हा दगा देईल, हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

इंजिनची तपासणी कशी?

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर सुरू होताना येणारी अडचण झाकली जाते. धुराचा रंगही बोलका असतो : निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरत असल्याची शंका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर आणि लॉजीच्या दीड लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला, याचे बिल मागावे. बेल्ट तुटल्यास इंजिनचे मोठे नुकसान होते. अर्टिगात बेल्टऐवजी चेन आहे. टायरवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. ‘३५१९’ म्हणजे २०१९ मधील ३५ वा आठवडा. सीएनजी किट असेल, तर त्याची आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी तपासावी.

कागदपत्रांत काय पाहावे?

चॅसिसवरील १७ अक्षर-अंकी क्रमांक आरसीशी जुळला पाहिजे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलनांची थकबाकी ऑनलाइन दिसते. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नवी पॉलिसी घेणार नसल्यास विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

परराज्यातील स्वस्त गाडीबाबत विशेष सावधगिरी हवी. दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या इतर राज्यांत कमी भावात विकल्या जाऊ लागल्या. मात्र त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रात नोंदणी करताना रस्ता करही भरावा लागतो. हा खर्च धरला, की भावातील फरक बराच कमी होतो.

नाव बदलले नाही तर?

हा प्रश्न विक्रेत्यासाठी अधिक गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतील मालकच ‘मालक’ मानला जाईल. त्या प्रकरणात गाडी अनेकांना विकली गेली होती. तरीही उत्तरदायित्व पहिल्या, नोंदणीकृत मालकावर आले. म्हणूनच सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हाती देऊन मोकळे होणे धोक्याचे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद झाली आहे. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना दिली, की तिची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

बजेट कसे आखावे?

हाती पाच लाख असतील, तर गाडी सव्वाचार लाखांपर्यंतचीच पाहावी. उरलेले पैसे हस्तांतरण, विमा, टायर, बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिसला लागतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च येतो. त्यामुळे १३-१४ वर्षांची गाडी वाटते तितकी स्वस्त नसते. खरेदीपूर्वी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिकला, विक्रेत्याच्या नव्हे, गाडी दाखवावी. विक्रेता त्यास तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवणे इष्ट.