यंत्राला आपली बोली कळेल काय?



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने विचारले होते, "ऊस नोंदीला गट ऑफिसचे हेलपाटे कशाला? फोनवर बोलायचं, यंत्रानं लिहून घ्यायचं, नोंद झाली. आता यंत्रं ऐकतात म्हणे!" सभेत हशा पिकला, वेळही बरीच झाली होती, आणि विषय तेथेच राहिला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचितच नव्हता. म्हणून त्या गोष्टीचा थोडा शोध आम्ही घेतला. तो कसा व कोठे घेतला, हे आधी सांगावयास हवे.

आपल्या एका सभासदाची मुलगी कर्जतजवळ भिसेगावला दिली आहे. कर्जत म्हणजे रायगड जिल्ह्यातले, बोरघाट उतरल्यावर गाडी थांबते आणि बटाटेवड्याचा वास येतो ते. भिसेगाव स्टेशनला लागूनच. गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त त्या सभासदांबरोबर आम्हीही गेलो होतो. तिकडे ऊस नाही, सारी भाताची दुनिया. भाताच्या 'कर्जत' नावाच्या जाती ज्या संशोधन केंद्राने दिल्या, तेही कर्जतलाच आहे.

मुलीच्या सासूबाई सत्तरीच्या. लिहिता-वाचता येत नाही, पण शेतीचा सगळा कारभार त्यांच्याच हाती. मुलगा लोकलने नोकरीला जातो. पहाटे निघतो तो रात्री परततो. म्हणून त्याने आईला फोनवर बोलून निरोप लिहिण्याची युक्ती शिकवली होती. बटण दाबायचे, बोलायचे, अक्षरे आपोआप उमटतात. बाईंना ते आवडले. पण लावणीच्या ऐन धांदलीत घोटाळा झाला. बायांची मजुरी साडेतीनशे ठरली, असे त्या बोलल्या, फोनने लिहिले 'तीनशे'. मुलाने निरोपाप्रमाणे पैसे धाडून दिले. दुसऱ्या दिवशी एकही बाई बांधावर आली नाही. काढलेले रोप दोन दिवस पाण्यात पडून राहिले. पन्नास रुपयांची बाब, पण गावात शब्द गेला तो गेलाच. बाई लिहिलेले वाचू शकत नव्हत्या, मग चूक पकडायची कुणी?

आमच्यासमोर त्यांनी पुन्हा बोलून दाखविले. त्या बाजूच्या बोलीत पुष्कळांच्या तोंडी 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ण'चा 'न'. फोन मधेच अडखळे, मधेच भलतेच लिही. 'राब भाजला' हे तर त्याला शेवटपर्यंत उमगले नाही. कसे उमगावे? राब म्हणजे पालापाचोळा जाळून केलेली रोपाची जागा, हे आपल्याकडेही किती जणांना ठाऊक आहे? 'कर्जत तीन' या भाताच्या जातीचे त्याने 'कर्ज तीन' करून टाकले. त्यावर आपले सभासद म्हणाले, "विहीणबाई, फोनला शेतकऱ्याची परिस्थिती बरोब्बर कळली बघा!" सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माजा बोलना याला कलत नाय. मंग मी का बोलू? यानीच शिकावा."

हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून काही केल्या जाईना. कारण ही यंत्रे खरोखरच शिकविल्याने शिकतात, आणि त्यांना जे शिकविले नाही ते त्यांना येत नाही.

ते शिकविणे कसे असते, ते थोडक्यात पाहू. आपण बोलतो तेव्हा हवेत लाटा उठतात. साध्या टेलिफोनच्या पद्धतीत एका सेकंदात ८,००० वेळा त्या लाटेची उंची मोजून आकडे केले जातात. मग त्या आकड्यांचे बारीक तुकडे पाडतात. एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा, आणि दर सेकंदाला असे सुमारे शंभर, एकमेकांवर थोडे चढलेले. प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर जोरकस आहेत यावरून तो 'अ'चा, 'स'चा की 'ट'चा, याचा यंत्र अंदाज बांधते. येथे 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्राला कधीच खात्री नसते, फक्त शक्यता असतात. 'अडीच' आणि 'आधीच' या दोन शक्यता समोर आल्या की, पूर्वी जे जास्त वेळा ऐकले असेल त्याकडे ते झुकते. शहरी बोलण्यात आणि बातम्यांत 'आधीच' शेकडो वेळा येते, 'अडीच एकर' क्वचित.

हा अंदाज बांधायला शिकवावयाचे, तर हजारो माणसांचे बोलणे हवे आणि ते बोलणे जसेच्या तसे लिहून काढलेले हवे. कोणी 'न्हाई' म्हटले आणि लिहिणाऱ्याने 'नाही' लिहिले, तर यंत्र काय शिकणार हे आधी ठरवावे लागते. शिकवणी संपल्यावर परीक्षा. ती शिकवणीत ज्यांचा आवाज नव्हता अशा माणसांवरच घ्यावयाची, नाहीतर पेपर आधीच फुटल्यासारखे होते.

परीक्षेचे गुण कसे देतात, हे मात्र सभासदांनी नीट समजून घ्यावे, कारण उद्या एखादा विक्रेता टक्केवारी घेऊन आपल्या दारात उभा राहील. शंभर शब्दांत किती बदलले, किती गळाले, किती जादा घुसले, याची बेरीज म्हणजे चुकीचे प्रमाण. समजा तुम्ही म्हणालात, "माझा अडीच एकर खोडवा आहे." पाच शब्द. यंत्राने 'आहे' गाळले, तर चूक पाचात एक, वीस टक्के. यंत्राने 'अडीच'चे 'आधीच' केले, तरी चूक वीस टक्केच! हिशेबाच्या वहीत दोन्ही सारख्या. पण पहिल्या चुकीने तुमचे काही बिघडत नाही, दुसरीने तुमचे क्षेत्रच नोंदीतून उडते. म्हणून "आमचे यंत्र पंचाण्णव टक्के बरोबर" असे कोणी सांगितले की आम्ही विचारणार, उरलेले पाच टक्के कोणते शब्द?

टेलिफोनचा आणखी एक दोष आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून आवाजाचा मधलाच पट्टा जातो, साधारण ३०० ते ३,४०० कंपनांचा. 'स'चा सीत्कार त्याच्या वरच्या अंगाला असतो, तो कापला जातो. त्यात ट्रॅक्टर चालू असेल, तर 'साठ गुंठे' आणि 'आठ गुंठे' यांत फरक तो काय उरला? दीड एकराचे आठ गुंठे व्हायला वेळ लागत नाही.

या विद्येचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९५२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फक्त शून्य ते नऊ हे आकडे ओळखणारे यंत्र केले, तेही ओळखीच्या एका माणसाच्या आवाजात उत्तम चाले. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७६ पर्यंत हजारेक शब्दांची मजल गाठली गेली. तेथे या कामाचे अध्वर्यू होते राज रेड्डी, आंध्रातल्या कातूर नावाच्या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातले. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या पोराने यंत्राला कान दिले, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या मराठीपुरते बोलायचे, तर खरे काम २०१० नंतरच्या काही वर्षांत झाले, आणि ते शेतकऱ्यासाठीच होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत एक योजना निघाली. शेतकऱ्याने फोन करावा, जिल्हा, बाजार आणि मालाचे नाव तोंडाने सांगावे, आणि यंत्राने त्या दिवशीचा बाजारभाव ऐकवावा. मराठीचे काम मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांच्याकडे होते. त्यासाठी महाराष्ट्रातल्या ३४ जिल्ह्यांतून सुमारे दीड हजार माणसांचे आवाज मोबाईल फोनवरूनच गोळा केले गेले. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत नव्हे. मागे गाडीचा आवाज, कोंबडा, पंखा, जे असेल ते असू दिले, कारण खरा फोन तसाच येणार. एकाच मालाची दोन-तीन उच्चारणे यंत्राच्या शब्दकोशात घालावी लागली. यंत्राला शंका आली की ते पुन्हा विचारी, आणि हो किंवा नाही एवढेच उत्तर मागे. विंगडच्या जुन्या कारकुनासारखे! (त्यात ऊस अर्थातच नव्हता. ऊस बाजार समितीत विकला जात नाही, त्याचा दर दिल्लीला ठरतो.)

त्यानंतर जमाना पालटला. २०२२ साली निघालेल्या 'व्हिस्पर' नावाच्या परदेशी यंत्राला ६,८०,००० तासांचे बोलणे ऐकविले गेले होते. त्यात मराठीचा वाटा नगण्य. त्याच वर्षी केंद्राने 'भाषिणी' ही योजना सुरू केली, भारतीय भाषांचे आवाज व मजकूर गोळा व्हावेत म्हणून.

आवाज कोणाचा गोळा करावयाचा, यावर २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मराठीतच झाला आहे. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांतल्या ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे मोबाईलवर घेण्यात आले. निष्कर्ष असा की, गरिबांनी दिलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे होते, आणि त्यातून त्यांना जोडकमाई होऊ शकते. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या आवाजावरच यंत्रे पोसली जावीत असे काही नाही, हे त्यातून उघड झाले.

आपल्या कारखान्याने असले यंत्र पहिल्यापासून घडविणे परवडणारे नाही व त्याची गरजही नाही. लागण दुसऱ्याने केलेली असली, तरी खोडवा आपण राखू शकतो. मोठ्या मराठी यंत्राला आपल्या परिसरातले काही तासांचे बोलणे पुन्हा ऐकवून आपल्या कामापुरते तयार करता येते. पण खोडव्याचे जे भय ते येथेही आहे. बेण्यात गवताळ वाढ असेल तर ती खोडव्यात येतेच. मूळ यंत्राच्या कानाला बायकांचा, म्हाताऱ्यांचा, बीडकडून येणाऱ्या तोडकऱ्यांचा आवाज सवयीचा नसेल, तर थोड्या खुराकाने तो दोष जाणार नाही.

भिसेगावचा आणखी एक किस्सा सांगतो. बाहेर धो धो पाऊस, उल्हास नदी दुथडी, आणि आमच्या सभासदांनी फोनला विचारले, "कर्जतला आज पाऊस आहे का?" शब्दन् शब्द बरोबर उमटला. उत्तर आले, आकाश निरभ्र. चुकले काय? त्याने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत धरले! कानाने ऐकले बरोबर, समजूत पडली चूक. नोंदीत एकाच नावाचे दोन सभासद, एकाच नावाच्या दोन वाड्या किती आहेत, हे शेतकी खात्याला विचारा. गट नंबर विचारल्याशिवाय आपला स्लिपबॉयसुद्धा लिहून घेत नाही.

आमचे मत असे की, लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात या तीन गोष्टी यंत्राने ऐकल्यावर परत बोलून दाखवाव्यात आणि सभासदाने 'हो' म्हटल्याखेरीज नोंद पक्की होऊ नये. लिहून दाखवून भागणार नाही, भिसेगावच्या बाईंचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. तारीख महिन्याने चुकली की तोडीचा क्रम चुकतो, आणि उभ्या उसाला तुरा आल्यावर यंत्राला जाब विचारता येत नाही. दुसरे असे की, सभासदाचा आवाज घ्यावयाचा तर त्याला विचारून, कशासाठी ते सांगून, आणि बाहेर कोणाला न देण्याच्या अटीवर. सातबारा जसा त्याचा तसा आवाजही त्याचाच. हे संचालक मंडळापुढे मांडण्याचे शेतकी अधिकाऱ्यांनी मान्य केले आहे. खर्चाचा आकडा आल्याशिवाय आम्ही अधिक काही लिहिणार नाही.

तोवर प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. आपल्या भागात शेतीचे, उसाचे, मोजमापाचे जे शब्द बोलले जातात, ते जसे बोलले जातात तसेच तीत लिहावेत. शुद्धलेखन पाहू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शब्द चिटणिसांनी लिहून घ्यावयाचे आहेत. पहिल्या आठवड्यात एकट्या पाचटासाठी चार नावे आली. भिसेगावहूनही मुलीच्या हस्ते एक कागद आला आहे. त्यावर भाताचे एकवीस शब्द आहेत, सासूबाईंनी सांगितलेले, आणि सगळ्यांत वर 'राब'.