जुन्या रायफलला ‘फॅक्टरी रीसेट’ करता येतं का? थ्री-नॉट-थ्रीच्या रिस्टोरेशनची गोष्ट

कस्टम रॉम टाकलेला फोन परत स्टॉक रॉमवर आणणं तुमच्यापैकी काही जणांनी नक्की केलं असेल. सॉफ्टवेअर परत येतं, फोन नव्यासारखा सुरू होतो. पण सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्सचा एक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की तो उडतो आणि नंतर काहीही केलं तरी पूर्ववत होत नाही. म्हणजे काही बदल मागे घेता येतात, काही नाही.

हाच धडा मला एका रायफलने दिला. कामासाठी मी काही काळ टोरोंटोजवळ मिसिसागाला होतो. टीममधल्या एका कॅनेडियन सहकाऱ्याला आजोबांची शिकारीची रायफल वारशाने मिळाली होती. मुळात ती दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड नंबर ४, पण आजोबांनी तिचं रूप पार बदललेलं. त्याला ती पुन्हा लष्करी रूपात आणायची होती. रायफलचं लायसन्स त्याच्याकडे, पार्ट्सची स्प्रेडशीट माझ्याकडे, अशी आमची वाटणी झाली.

स्पोर्टराइज म्हणजे काय?

ली-एनफिल्ड म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. भारतात ती बंगालच्या ईशापूर कारखान्यात बनायची आणि पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसायची. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती.

कॅनडात नंबर ४ मॉडेल टोरोंटोच्या पश्चिमेला लाँग ब्रँच इथे बनायचं. तिथे जवळपास ९ लाख रायफली तयार झाल्या आणि युद्धाच्या काळात कामगारांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. त्या कारखान्याची तपासणी इमारत मिसिसागात अजून उभी आहे. आता तिथे कलाकेंद्र आहे.

युद्ध संपलं आणि लाखो रायफली सरप्लस म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. नवीन शिकारी रायफल महाग, ही मात्र सामान्य माणसाला परवडणारी. पण वजन चार किलोच्या वर. मग लोकांनी पुढचं लांब लाकूड कापलं, नळीवरची लाकडी आवरणं काढून टाकली, दुर्बीण बसवायला भोकं पाडली. काहींनी नळीही आखूड केली. याला म्हणतात स्पोर्टराइज करणं. तेव्हा यात कुणाला काही चूक वाटत नव्हतं. जुनं लॅपटॉप उघडून रॅम वाढवावी, तितकं ते साधं होतं.

पहिलं काम: काय कापलंय ते बघा

पार्ट्स मागवण्याआधी नुकसानाची यादी करायची. अर्थात त्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री, तीही दोनदा. मग तीन प्रश्न:

१. फक्त लाकूड कापलंय का? मग मार्ग मोकळा. लाकूड, आवरणं, त्यांना धरणाऱ्या पट्ट्या बदलता येतात.

२. नळी कापलीये का? नंबर ४ ची मूळ नळी साधारण २५ इंचांची. बोल्ट बंद करून तोंडातून सळई आत सोडायची, खूण करायची आणि मोजायचं. या मॉडेलमध्ये संगीन अडकवायचे खुंट नळीच्या टोकालाच असतात. नळी कापली की तेही गेले. मग नवीन नळी आणि गनस्मिथची मजुरी, आणि हा खर्च बऱ्याचदा रायफलच्या किमतीच्या पुढे जातो.

३. रिसीव्हरला हात लावलाय का? रिसीव्हर म्हणजे रायफलचा मदरबोर्ड. त्यात भोकं असतील किंवा काडतुसांची पट्टी अडकवायचा वरचा पूल घासून काढला असेल, तर तो आपला उडालेला फ्यूज.

आमच्या रायफलची नळी शाबूत निघाली. रिसीव्हरवर मात्र दुर्बिणीची दोन भोकं होती.

अजून एक गोष्ट. काही स्पोर्टर रायफली कंपन्यांनीच बनवल्या आहेत, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने. त्यांना स्वतःचा इतिहास आहे. अशी रायफल मिळाली तर ती आहे तशीच ठेवलेली बरी.

पार्ट्स बसतात, पण जुळतात का?

युद्धाच्या काळात नंबर ४ इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा अशा तीन देशांत बनली. पार्ट्स एकमेकांना बसतात, पण प्रत्येक कारखान्याची खूण वेगळी. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या पार्ट्सवर चौकोनातला एस, कॅनडाच्या पार्ट्सवर सी अक्षरातला बाण. लाँग ब्रँचच्या रायफलवर सॅव्हेजची पट्टी चालते, पण जाणकाराला ती लगेच दिसते.

लाकूड मात्र प्लग अँड प्ले नाही. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का लाकडाच्या मागच्या टोकाचे ठरावीक पृष्ठभाग झेलतात. ते लोखंडाला घट्ट टेकले नाहीत तर लाकूड तडकतं. शिवाय लाकडाचं पुढचं टोक नळीला किंचित वर दाबून धरतं. तो दाब चुकला की नेमही चुकतो. म्हणून काजळी लावून बघायचं, लाकूड कुठे टेकतंय ते शोधायचं आणि थोडं थोडं तासायचं. सहकाऱ्याचे चार रविवार यातच गेले.

शेवटी जवसाचं तेल. पातळ थर, पुसायचं, वाळू द्यायचं, परत थर. एक सूचना: तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता तयार होते आणि ढिगाने पडलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.

हेडस्पेस: इथे यूट्यूब पुरत नाही

काडतूस आत बसल्यावर त्याच्या मागच्या बाजूला बोल्टचा किती आधार आहे, ते हेडस्पेसवरून ठरतं. जागा जास्त असेल तर काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं, फाटू शकतं आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. नंबर ४ मध्ये यासाठी सुटं बोल्टहेड असतं, ० ते ३ अशा चार मापांत. दोन मापांमधला फरक इंचाचा तीन हजारांश, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांनी तो कळणं शक्य नाही, गेज लागतो. बोल्ट बदललेली कुठलीही जुनी रायफल गनस्मिथने तपासल्याशिवाय उडवायची नाही.

नंबर बदलायचे नाहीत

मूळ रायफलच्या बोल्टवर आणि रिसीव्हरवर एकच नंबर असतो. असे नंबर जुळले की किंमत वाढते. म्हणून काही जण बोल्टवरचा नंबर घासून हवा तो ठोकतात. हे रिस्टोरेशन नाही, फसवणूक आहे. दुरुस्त केलेली रायफल विकताना कुठले पार्ट्स बदललेत ते लिहून द्यावं. रीफर्बिश्ड फोन ‘सीलपॅक’ म्हणून विकला तर आपल्याला कसं वाटतं?

आणि हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नका. भारतात थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. म्हणूनच सरकारी कारखाने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल बनवतात. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्र बाळगायला तर परवाना लागतोच, नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो.

मग आजोबांची रायफल कुठे गेली?

सगळं जुळून आल्यावर सहकाऱ्याने आईला रायफल दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान झालीये. पण माझ्या बाबांची रायफल कुठे गेली?”

आम्ही दोघं गप्प. १९४३ ची रायफल परत आणताना आम्ही त्यानंतरची सगळी वर्षं पुसली होती. त्यांच्या वडिलांनी स्वतः कापलेलं, हाताच्या घामाने काळं झालेलं लाकूड गॅरेजमध्ये पडलं होतं.

नशिबाने आम्ही ते फेकलं नव्हतं. आता ते लाकूड, दुर्बीण आणि जुने स्क्रू एका पेटीत आहेत. सोबत आधीचे फोटो आणि बदलांची यादी. रिसीव्हरवरची भोकं बुजवायचा बेत होता, तो रद्द केला. अर्ध्या तासात आजोबांची रायफल परत जोडता येते, आणि नोव्हेंबरात हरणाच्या मोसमात सहकारी ती तशीच जोडून नेतो.

कोडमध्ये आपण जुनं व्हर्जन डिलीट करत नाही, कारण उद्या कुणाला ते लागेल सांगता येत नाही. घरातली जुनी वस्तू दुरुस्त करतानाही, मग तो रेडिओ असो, घड्याळ असो की आजीचं शिलाई मशीन, काढलेला पार्ट जपून ठेवा. आणि काम सुरू करण्याआधी घरच्यांना एकदा विचारा, त्यांना त्यातलं काय आठवतं.