प्रतिध्वनिभाषण आणि शिक्षकाचा खेळ

“तुला चेंडू हवा का?” या प्रश्नास काही स्वमग्न मुले “तुला चेंडू हवा का?” असेच उत्तर देतात. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या वर्णनात अशा पुनरुक्तीची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ती निरर्थक मानली गेली. १९८१ साली बॅरी प्रायझंट व ज्युडिथ डचन यांनी मात्र संभाषणात पाळी घेणे, होकार देणे, मागणी करणे अशी तिची कार्ये दाखवून दिली.

भावी शिक्षकास हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. पुनरुक्तीला दोष समजून त्याने मुलास गप्प केले, तर मुलाने घेतलेली पाळीच हिरावली जाईल. यास्तव अध्यापक-प्रशिक्षणात खेळाला स्थान हवे, ते प्रथम ऐकण्याचा अभ्यास म्हणून. चेंडू ढकलावा आणि थांबावे. मुलाची दृष्टी, हात व स्वर न्याहाळावेत. हात चेंडूकडे वळला, तर ती मागणी होय. “मला चेंडू हवा” असे मुलाच्या बाजूने बोलून चेंडू द्यावा. मूल चेंडू सोडून गाडीचे चाक फिरवू लागले, तर शिक्षकानेही चाकच फिरवावे. नियम केवळ प्रौढाचेच राहिले, की खेळाचा धडा होतो आणि मूल त्यातून उठून जाते.