रशियन घर: कायदे बदलले, आजी तीच

‘पारंपरिक कुटुंबमूल्यांचा देश’ ही रशियाची आजची ओळख सरकारने अलीकडे घडवलेली आहे. १९१८ च्या सोव्हिएत कुटुंबसंहितेने चर्चमधल्या लग्नाला कायद्याच्या लेखी काडीची किंमत ठेवली नाही. १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. १९२६ नंतर तर नवरा-बायकोपैकी एकाने नोंदणी कचेरीत अर्ज दिला की घटस्फोट होई. दुसऱ्याला पोस्टकार्डाने कळे. बायकांना मोकळीक मिळाली खरी, पण पोरंबाळं टाकून जाणाऱ्या पुरुषांनाही रान मोकळं झालं.

१९३६ मध्ये स्टालिनने गर्भपातावर बंदी घातली. १९४४ चा फतवा त्याहून कठोर होता. दहा मुलांच्या आईला ‘मदर हिरोइन’ किताब, आणि लग्नाविना जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात आडवी रेघ. तो दाखला जिथे दाखवावा लागे, तिथे ती रेघही दिसे. लाखो तरुण रणांगणावर मेले होते. लग्न करायचं कुणाशी? तरी डाग लागला तो बाईला आणि लेकराला. १९६८ च्या कायद्याने आईला बापाचं नाव स्वतः सांगून लिहिता येऊ लागलं. अन्याय पुसायला चोवीस वर्षं लागली.

या सगळ्या उलथापालथीत घर तगलं ते बाबुश्कामुळे, म्हणजे आजीमुळे. बाई पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होई, मुलगी कामावर जाई आणि नातवंडं आजीच्या हाताखाली वाढत.

पुतिन यांच्या काळात कायदा पुन्हा कडक झाला. अल्पवयीनांमध्ये समलिंगी संबंधांच्या ‘प्रचारा’वर २०१३ मध्ये बंदी आली. २०१७ मध्ये मात्र घरातली पहिली मारहाण, गंभीर इजा नसेल तर, फौजदारी गुन्हा राहिली नाही. माझ्या मते हा या काळातला सर्वांत लाजिरवाणा निर्णय. २०२० मध्ये विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचंच बंधन, हे राज्यघटनेत आलं. समलिंगी संबंधांबाबत बहुसंख्य रशियन कठोर आहेत, हे जनमत चाचण्यांतून वर्षानुवर्षं दिसतं. घटस्फोटाला मात्र कुणी नाक मुरडत नाही: २०२२ मध्ये सुमारे साडेदहा लाख लग्नं झाली आणि पावणेसात लाखांवर घटस्फोट.

२०२४ हे सरकारने ‘कुटुंब वर्ष’ म्हणून साजरं केलं. त्याआधीच, २०१८ मध्ये, त्याच सरकारने बायकांचं निवृत्तीवय टप्प्याटप्प्याने पंचावन्नवरून साठ करण्याचा कायदा केला होता. नातवंडांजवळची आजी त्याने आणखी पाच वर्षं कामावर अडकवली.