अडीच वर्षांत पदवी

पदवी ठराविक वर्षांनींच मिळावयाची, ही समजूत महाराष्ट्रांत घराघरांत रुजलेली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि कॉलेजांबरोबर ‘टर्म भरणें’ हा शब्दप्रयोगहि मराठींत रूढ झाला. हुशार विद्यार्थ्यास वरचा नंबर मिळे, बक्षीस मिळे. पण त्याच्या टर्म कांहीं कमी होत नसत. या जुन्या रीतींत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२४ च्या नोव्हेंबरांत बदल सुचविला. ज्याची तयारी आहे त्यास पदवी थोडी आधीं, व ज्यास सवड हवी त्यास थोडी उशिरां घेतां यावी, अशी योजना आयोगानें संमत केली आणि २०२५ च्या विनियमांत तिचा समावेश झाला. पहिल्या मार्गास त्वरित पदवी अभ्यासक्रम व दुसऱ्यास विस्तारित पदवी अभ्यासक्रम म्हणतां येईल. थोरला मुलगा किंवा मुलगी केव्हां मिळवती होते याकडे ज्या घराचे डोळे लागलेले असतात, त्या घरास सहा महिन्यांचा हा प्रश्न लहान नाहीं.

हा मार्ग समजून घेण्याची किल्ली ‘श्रेयांक’ या शब्दांत आहे. कॉलेजांत त्यास सर्रास क्रेडिट म्हणतात. धान्य पायलीनें मोजावें तसा अभ्यास श्रेयांकांनीं मोजला जातो. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. त्यांत वर्गांतील व्याख्यान, प्रयोगशाळेंतील काम, घरचें वाचन, लेखन व परीक्षेची तयारी हीं सर्व आलीं. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीस १६०. वर्षाला दोन सत्रें धरलीं तर प्रत्येक सत्राच्या वांट्यास २० श्रेयांक येतात. महाराष्ट्रांत हा आंकडा कांहीं ठिकाणीं २२ पर्यंत जातो. त्वरित मार्गानें जाणाऱ्या विद्यार्थ्यास यांतील एकहि श्रेयांक माफ होत नाहीं. विषय तेच, एकूण माप तेंच. तें कमी सत्रांत भरावयाचें इतकेंच.

नियम थोडे आहेत, पण ते वेळेवर माहीत असावे लागतात. तीन वर्षांच्या पदवींत जास्तींत जास्त एक सत्र वांचतें, चार वर्षांच्या पदवींत जास्तींत जास्त दोन. मार्ग बदलण्याची इच्छा पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस कळवावी लागते. त्यानंतर तें दार बंद होतें. संस्थेनें नेमलेली समिति विद्यार्थ्याची प्रगति पाहते, वाढीव भार पेलण्याची त्याची कुवत अजमावते आणि मग परवानगी देते. मंजूर जागांपैकीं १० टक्क्यांपर्यंतच जागा या मार्गासाठीं ठेवतां येतात. म्हणजे ६० जणांच्या वर्गांत अशी संधि फार तर सहा जणांना. शिवाय प्रत्येक संस्थेनें ही योजना चालविलीच पाहिजे असें नाहीं. तेव्हां आपल्या कॉलेजांत ती आहे काय, हा प्रश्न प्रवेश घेतांनाच कार्यालयांत विचारलेला बरा. वैद्यक, कायदा यांसारख्या ज्या शिक्षणावर स्वतंत्र परिषदांचें नियंत्रण असतें, तेथें त्या परिषदेचे नियम प्रथम पाहावे लागतात.

आतां या मार्गाचा भार किती, तें साध्या गणितानें पाहतां येतें. पहिल्या सत्रांत २० श्रेयांक पुरे करून विद्यार्थ्यानें त्याच वेळीं निर्णय घेतला, तर उरलेले १०० श्रेयांक चार सत्रांत विभागले जातात, प्रत्येकीं २५. हाच निर्णय दुसऱ्या सत्रापर्यंत लांबला, तर ८० श्रेयांक तीन सत्रांत बसवावे लागतात. प्रत्येकीं जवळजवळ २७. चार वर्षांची पदवी तीन वर्षांत घ्यावयाची झाल्यास पहिल्या सत्रानंतर दर सत्रास २८, आणि दुसऱ्या सत्रानंतर ३० श्रेयांक पडतात. सत्र १५ आठवड्यांचें धरलें तर नेहमीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास आठवड्यास ४० तासांचा होतो. २५ श्रेयांकांना तोच ५० तासांवर जातो आणि ३० श्रेयांकांना ६० तासांवर. म्हणजे रविवार धरून रोज साडेआठ तास. अर्ज भरण्यापूर्वीं प्रत्येकानें हा आंकडा आपल्या दिनक्रमांत बसवून पाहावा.

वाढीव श्रेयांक मिळवावयाचे कोठून, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ विषय वर्षांतून एकाच सत्रांत शिकविले जातात, आणि दोन वर्गांचे तास एकाच वेळीं येण्याचाहि संभव असतो. अशा वेळीं ‘स्वयम्’ या सरकारी दूरशिक्षण योजनेचा उपयोग होतो. एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत विषय अशा मार्गानें घेण्यास आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनीं मोकळीक दिली आहे. मात्र कोणते विषय चालतील हें संस्थेकडून आधीं मान्य करून घ्यावें लागतें. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढींत विद्यार्थ्याच्या नांवें जमा होतात. हें खातें पहिल्या सत्रांतच उघडून त्यांतील नोंदी वेळोवेळीं तपासाव्या. एखादा विषय जमेस धरावयाचा राहिला, तर वांचविलेलें सत्र त्या एका नोंदीपायीं हातचें जावयाचें.

लवकर मिळालेली पदवी कमी प्रतीची ठरेल काय, अशी शंका पालकांस येते. आयोगानें याबाबत संदिग्धता ठेवलेली नाहीं. ही पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानली जाते. सरकारी नोकरी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा व पुढील शिक्षण यांस ती सारखीच चालते. अभ्यासक्रम कमी कालावधींत पुरा केल्याची टीप तेवढी पदवीवर येते.

परंतु वांचलेल्या वेळाचें पुढें काय करावयाचें, याचा विचार आधींच व्हावयास हवा. पांच सत्रांत पदवी पुरी करणारा विद्यार्थी हिवाळ्याच्या सुमारास मोकळा होतो, आणि पदव्युत्तर वर्ग बहुतेक ठिकाणीं पावसाळ्यांत सुरू होतात. वर्षांतून दोनदां प्रवेश देण्याची मुभा आयोगानें संस्थांना दिली आहे. पण ती मुभा आहे, सक्ति नव्हे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस बसण्यासाठीं परीक्षेच्या वर्षीं १ ऑगस्टला वयाचीं २१ वर्षें पुरीं असावीं लागतात. अठराव्या वर्षीं कॉलेजांत आलेल्यास साडेविसाव्या वर्षीं पदवी मिळाली तरी त्या परीक्षेचें दार कांहीं काळ बंदच असतें. ज्याच्यापुढें नोकरी ठरलेली आहे, घरचा धंदा वाट पाहत आहे किंवा खोलीचें भाडें व खाणावळीचें बिल जड झालें आहे, त्यास हे सहा महिने खरोखरीच पावतात. संशोधनाकडे ओढा असलेल्यानें मात्र जपून पाऊल टाकावें. चौथ्या वर्षाचा संशोधनाचा भाग प्रश्न मनांत मुरवून करावयाचा असतो. ती मुरवण घाईनें होत नाहीं.

या योजनेंतील खरी अडचण निराळीच आहे. निर्णय पहिल्या वर्षांत घ्यावा लागतो, आणि मराठी शाळेंतून आलेल्या खेड्यांतील विद्यार्थ्याचें पहिलें वर्ष इंग्रजी पुस्तकांशीं झुंजण्यांतच जातें. त्याची बुद्धि पुढें चमकते. समितीपुढें असतात ते पहिल्या सत्राचे गुण. लवकर मिळवतें होण्याची निकड मात्र बहुधा त्यालाच अधिक असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं ‘कमवा व शिका’ हें तत्त्व साताऱ्यास रुजविलें तें अशाच मुलांसाठीं. सकाळीं काम करून वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यास आठवड्याचे ५० तास अभ्यासाला कोठून मिळणार? म्हणून या मार्गाची माहिती पहिल्या महिन्यांतच वर्गांत सांगणें आणि निवड करतांना गुणांबरोबर विद्यार्थ्यानें किती मजल मारली हेंहि पाहणें, ही प्राध्यापकांची जबाबदारी ठरते. नाहीं तर मोजक्या जागा ज्यांना मुळांतच घाई नाहीं त्यांच्याच वांट्यास जातील.

आणि ज्यास हा वेग झेपत नाहीं त्यानें खंत करण्याचें कारण नाहीं. त्याच योजनेंतील विस्तारित मार्ग दोन सत्रांपर्यंत अधिक अवधि देतो. त्यास जागांची मर्यादा नाहीं आणि ती पदवीहि तितक्याच मोलाची आहे. डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष टिळकांनीं शरीर कमावण्याकडे दिलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तें वर्ष वायां गेलें असें पुढें कोणी म्हटलें नाहीं. विद्यार्थ्यानें पहिल्या सत्राच्या अखेरीस आपले गुण, आपली प्रकृति, घरची निकड आणि आठवड्याचे तास एका कागदावर मांडावे, वडीलधाऱ्यांशीं व शिक्षकांशीं बोलावें, आणि शेजारचा किती धांवतो हें न पाहतां आपली चाल ठरवावी.