धणे वाजले की उतरव

होळी उलटली की आमच्या माळ्यावरची जाड बुडाची लोखंडी कढई खाली येते. एरवी वर्षभर तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. गोड्या मसाल्याच्या दिवशी मात्र ती सकाळी गॅसवर चढते ती दुपारीच उतरते. गेल्या वर्षी आईच्या हाताखाली मी होतो. धणे परतण्याचं काम माझ्याकडे, लक्ष मोबाईलमध्ये. आई माझ्याकडे पाठ करून खोबरं किसत बसली होती. तिथूनच म्हणाली, "अरे, उतरव आता. वाजायला लागले."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मोबाईल ठेवून कान दिला तेव्हा कळलं. कच्चे धणे झाऱ्याने हलवले की त्यांचा आवाज जरा बोथट येतो, दबका. भाजत आले की तेच धणे कढईत खुळखुळायला लागतात. दोन-तीन मिनिटांत आवाजाचा पोत बदलतो आणि तो बदल आईला पाठमोरी असतानाही कळतो.

तिला ऐकू येत होतं ते धण्यातलं पाणी संपल्याचं. वाळलेल्या धण्यातही थोडा ओलावा असतोच. तो आहे तोवर कढईची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि दाण्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. पाणी गेलं की दाणा कडक होतो, वाजतो, आणि मग त्याचं तापमान झपाट्याने चढतं. साधारण १४० अंशांच्या पुढे धण्यातली साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकमेकांशी जोरात भिडतात, रंग तांबूस होतो आणि कच्च्या धण्यात मुळीच नसलेले वास तयार होतात. भाकरीचे पापुद्रे, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया या सगळ्यांत घडते तीच ही क्रिया. १९१२ साली लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. धणे वाजायला लागणं म्हणजे या क्रियेचं दार उघडणं. त्यानंतर फार वेळ हातात नसतो. मिनिटभर दुर्लक्ष झालं तर तांबूस धणे काळे होतात आणि आमटी कडवट.

त्या दिवशी जिन्यातून वर येणारा प्रत्येक जण "मसाला का?" असं विचारून गेला. घरभर वास सुटला की करणाऱ्याला धन्य वाटतं. पण हिशेबाने पाहिलं तर जो वास जिन्यापर्यंत पोचला तो बरणीतून गेला. धण्याचा मूळ सुगंध मुख्यतः लिनालूल नावाच्या द्रव्याचा. ते १९८ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या कढईत टिकायला हवं. टिकत नाही, कारण कुठलंही सुगंधी तेल उकळण्याची वाट बघत बसत नाही. बाहेर पडणारी पाण्याची वाफ त्याला हात धरून घेऊन जाते. कनौजचे अत्तरवाले गुलाबाचं अत्तर याच युक्तीने काढतात. फरक इतकाच, की ते ती वाफ पकडून थंड करतात आणि आपण एक्झॉस्ट पंखा लावतो.

तेव्हा भाजणं हा सौदा आहे. जुना वास थोडा द्यायचा आणि नवा घ्यायचा. या सौद्याचा भाव प्रत्येक जिनसासाठी वेगळा असतो, आणि मला वाटतं, आईच्या वहीतल्या सगळ्या सूचना म्हणजे त्या भावांचा तक्ता आहे. धणे, जिरे, तीळ, खोबरं यांना भाजण्यात फायदाच फायदा, म्हणून ते "खमंग" भाजायचे. वेलदोडे, जायपत्री, नागकेशर यांची सगळी पुंजी मूळ तेलात. भाजून नवं फारसं मिळत नाही, आहे ते मात्र उडतं. त्यांच्यापुढे वहीत लिहिलंय, "नुसते गरम". आणि सगळं एकदम कढईत का टाकायचं नाही, हे खसखशीला विचारावं. ती इतकी बारीक, की आच लागताच आतपर्यंत पोचते. धण्याबरोबर टाकली तर धणे वाजेपर्यंत तिचा कोळसा झालेला असतो. हा प्रयोग मी केलेला आहे.

आता प्रमाणाकडे येऊ. आमच्या घरचं प्रमाण असं: धणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ दीडशे ग्रॅम, जिरे शंभर, खसखस पन्नास, दगडफूल पंचवीस, आणि लवंग, दालचिनी, मिरे, बाद्यान, तमालपत्र, मसाला वेलची, नागकेशर वगैरे मंडळी दहा-दहा ग्रॅम. शिवाय हळद, हिंग आणि रंगापुरत्या मिरच्या. लहानपणी मला वाटायचं, लवंग महाग म्हणून दहा ग्रॅम. तसं नाही. लवंगेच्या वजनातला १५ ते २० टक्के भाग सुगंधी तेलाचा असतो. धण्यात ते जेमतेम अर्धा-एक टक्का, कधी त्याहूनही कमी. गुणाकार करून पाहा. दहा ग्रॅम लवंगेत दीड ते दोन ग्रॅम तेल, आणि अर्धा किलो धण्यात अर्ध्या टक्क्याने अडीच ग्रॅम. म्हणजे तराजूत पन्नास पट फरक दिसणारे हे दोघे नाकापुढे जवळजवळ बरोबरीने उभे असतात. ज्या कोणी हे प्रमाण पहिल्यांदा बसवलं तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. चाखून, चुकून, शेजारणीला विचारून ते बसलं असणार. लवंगेतलं युजेनॉल दाताच्या दुखण्यावर बधिरपणा आणतं ते सर्वांना ठाऊक आहे. दहाची पन्नास ग्रॅम केली तर आमटी खाताना दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटेल.

या सगळ्यांत माझं लाडकं म्हणजे दगडफूल. नावात फूल, पण ते फूल नाही, पान नाही, साल नाही. एका अर्थाने ते एक झाडसुद्धा नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हावर अन्न शिजवतं. अशा जोडजीवांना लायकेन म्हणतात. डोंगराळ भागात झाडांच्या सालींवर आणि खडकांवर ते वाढतं, वर्षाला काही मिलिमीटर अशा संथ गतीने. हातात घेऊन निरखून पाहा: वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडा चुरगळलेल्या कागदासारख्या. कच्चं हुंगलं तर फार तर ओल्या मातीचा, जुन्या पुस्तकाचा पुसट वास. नवख्या माणसाला वाटतं, वाण्याने फसवलं.

चमचाभर तेल तापवून त्यात टाका. काही सेकंदांत ते आक्रसतं, कुरकुरीत होतं आणि अचानक धुरकट, रानातला, खोल असा वास उठतो. गोडा मसाला गरम मसाल्यापेक्षा वेगळा का लागतो, याचं निम्मं उत्तर या वासात आहे. अत्तराच्या जगात ओकमॉस नावाच्या युरोपीय लायकेनला मोठा मान आहे. त्यात आणि आपल्या दगडफुलात ॲट्रॅनोरिन हे द्रव्य समान आहे. त्याचा रेणू तुटला की त्यातून सुगंधी तुकडे सुटतात, आणि ओकमॉसचा प्रसिद्ध वास मुख्यतः अशाच एका तुकड्याचा असतो. पॅरिसच्या अत्तराची आणि आपल्या आमटीची अशी लांबची सोयरीक निघते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. दगडफूल ज्यावर वाढतं त्याचे कण सोबत घेऊन येतं. पंचवीस ग्रॅम निवडायला आईला अर्धा तास लागतो. साल, काडी, बारीक खडे बाजूला निघतात. हवेतलं जे काही येईल तेही लायकेन शोषून घेतं, म्हणून तर प्रदूषण वाढलं की काही जाती आधी नाहीशा होतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्यावरून हवेची पत जोखतात.

नावांचा घोळ बाकी जिनसांतही आहे. तमालपत्र घेताना पानावरच्या शिरा बघा. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. त्यात देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा आडव्या नव्हे, उभ्या जातात. परदेशी पाककृतींतलं बे लीफ वेगळ्या झाडाचं असतं, त्यात मधोमध एकच शीर आणि वास निलगिरीच्या अंगाने जाणारा. नागकेशर म्हणून बाजारात एकाहून अधिक झाडांच्या कळ्या मिळतात. कोकणातल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्याही त्या नावाने विकल्या जातात. सुरंगीच्या गजऱ्याचा वास ज्याने घेतला आहे त्याची त्याला हरकत नसावी.

भाजलेलं सगळं गार झालं की दळण. इथे मी एकदा सपशेल तोंडघशी पडलो. गिरणीत कशाला जायचं, मिक्सर आहे की, म्हणून हाताला लागेल त्या क्रमाने तीळ आणि खोबरं आधी फिरवलं. मसाल्याऐवजी भांड्यात गडद तपकिरी लगदा. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल, तिळात जवळपास निम्मं. वेगवान पात्याने पेशी फुटल्या, पातं तापलं, तेल बाहेर आलं. आधी कोरडे मसाले बारीक करून घ्यावेत आणि तेलकट जिन्नस शेवटी त्या पुडीत मिसळून थांबून-थांबून फिरवावेत. म्हणजे सुटणारं तेल धण्याचा कोंडा शोषून घेतो. लालबागच्या मसाला गल्लीत कांडप यंत्रांचे मुसळ धपधप पडताना पाहिलं असेल, तर त्यातली गोम लक्षात येईल. मुसळ आपटतं आणि उठतं. पात्यासारखी सततची घासाघीस नाही, म्हणून पूड कमी तापते. मोठे उद्योग तर मसाला द्रवरूप नायट्रोजनने गोठवून दळतात. तो नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. हेतू तोच: दळताना वास उडू नये.

दळलं की उलटी गणती सुरू होते. एक सेंटिमीटरच्या घनाचे दशांश मिलिमीटरचे कण केले तर हवेला भिडणारा पृष्ठभाग शंभर पट वाढतो. अख्खी लवंग स्वतःच एक बंद बाटली असते. पूड झाली की ती बाटली फुटली. त्यात हवेतल्या प्राणवायूमुळे तेलं खवट होतात. याबाबत तिळाचं कौतुक करायला हवं. त्यातल्या सेसॅमोलिनपासून भाजताना सेसॅमॉल तयार होतं आणि ते खवटपणा रोखून धरतं; म्हणजे भाजलेला तीळ चवीबरोबर राखणही करतो. खोबऱ्याचं तेल बहुतांशी संपृक्त, त्यामुळे प्राणवायूला ते सहजी दाद देत नाही. त्याचा शत्रू ओल. ओल लागली की त्यातलं लॉरिक आम्ल सुटं होतं आणि मसाल्याला साबणासारखी चव येते. बरणीत ओला चमचा घालणाऱ्यावर आया का ओरडतात त्याचं हे रसायनशास्त्र.

ओलीचा दुसरा धोका अधिक गंभीर. मिरची नीट वाळली नसेल तर तिच्यावर ॲस्परजिलस ही बुरशी वाढते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं. स्वयंपाकाच्या आचेने ते नष्ट होत नाही. तेव्हा देठापाशी पांढुरकी बुरशी दिसली की मिरची सरळ फेकावी, "भाजल्यावर जाईल" हा विचार करू नये. नवी मिरची येण्याचा आणि कडक उन्हाचा मोसम एकच, हे आपलं भाग्य. पावसाच्या आत मसाले उरकण्याची रीत त्यातूनच पडली.

साठवण्याच्या बाबतीत मला सगळ्यांत हुशार वाटतात ते मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक. त्यांचा बॉटल मसाला वीस-पंचवीस जिनसांचा, उन्हाळ्यात कुटलेला, आणि नावाप्रमाणे बाटलीत भरलेला. बाटली बीअरची, तपकिरी काचेची. ती काच उजेडातले नेमके उपद्रवी, निळ्या आणि अतिनील टोकाचे किरण अडवते, त्यामुळे मिरचीचा लाल रंग फिका पडत नाही. मसाला काठीने ठासून भरतात म्हणजे आत हवा उरत नाही, आणि तोंड अरुंद म्हणजे नवी हवा शिरत नाही. ओट्यावर पारदर्शक काचेच्या बरण्या मांडून ठेवणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, यातून शिकायला हरकत नव्हती.

मी आईला सुचवलं, वर्षाचा मसाला कशाला, दोन महिन्यांचा करू. घरात माणसं तीन. दहा अंश तापमान उतरलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, तेव्हा उरलेला फ्रीजरमध्ये टाकू. तिने ऐकून घेतलं. मग नेहमीसारखी मोठी चिनी मातीची बरणी भरली, दादरा बांधला, आणि माझ्या समाधानासाठी एक लहान डबा फ्रीजरकरता वेगळा काढला. सप्टेंबरात आम्ही दोन्ही शेजारी ठेवून हुंगले. फ्रीजरमधला उघड उघड ताजा होता, धणे वेगळे कळत होते, दगडफूल वेगळं. बरणीतला जरा मऊ, एकजीव झालेला. "हा चांगला आहे," आई फ्रीजरच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पण आमटीला हाच लागेल," आणि बरणीत चमचा घातला. कोरडा.

यंदा मात्र तिने आपणहून चार डबे फ्रीजरसाठी काढले. प्रत्येकात हिंगाचा एक-एक खडा ठेवला, कीड लागू नये म्हणून. उणे अठरा अंशांत कीड कुठून येणार, हे मी तिला विचारलं नाही.